पेटंट नाकारणारे जगदीशचंद्र बोस आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटमधला स्मार्ट बल्ब

नाशिकचा गंगापूर रोड, संध्याकाळची वेळ. एखाद्या नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर कुणीतरी सोफ्यावरून न उठता मोबाईलवर बोट टेकवतं आणि आतल्या बेडरूममधला दिवा लागतो. मध्ये दोन भिंती आहेत, वायर कुठेच नाही. याचं आता कुणाला फार नवलही वाटत नाही.

पण हाच खेळ एका माणसाने १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये करून दाखवला होता. व्याख्यानाच्या हॉलमध्ये त्याने एक यंत्र सुरू केलं आणि ७५ फुटांवर, तीन भिंतींपलीकडच्या खोलीत घंटा वाजली, पिस्तूल उडालं आणि दारूचा एक छोटासा स्फोटही झाला. मध्ये एकही तार नव्हती. अध्यक्षस्थानी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर अलेक्झांडर मॅकेंझी होते. लहरी गेल्या त्या त्यांच्याही अंगातून आरपार.

तो माणूस म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस. आपल्याला ते शाळेच्या पुस्तकातून माहिती असतात, वनस्पतींनाही संवेदना असतात हे सांगणारे शास्त्रज्ञ म्हणून. पण झाडांकडे वळण्याआधी त्यांनी वायरलेसमध्ये काय केलं आणि त्यावर मालकी सांगायला नकार का दिला, ही गोष्ट घरात स्मार्ट बल्ब लावणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे.

साहेबाच्या पोराला गावच्या शाळेत घातलं

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मैमनसिंग इथे बोस यांचा जन्म झाला. हा भाग आज बांगलादेशात येतो. वडील भगवानचंद्र इंग्रज सरकारात डेप्युटी मॅजिस्ट्रेट. अशा घरातली पोरं तेव्हा थेट इंग्रजी शाळेत जायची. वडिलांनी मात्र त्यांना आधी बंगाली शाळेत घातलं. बाकावर शेजारी कोळ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा. ज्ञानावर कुणा एकाची मक्तेदारी नसते, हा संस्कार इथेच झाला असावा.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफों यांनी भौतिकशास्त्राची गोडी लावली. मग डॉक्टर व्हायला लंडन गाठलं, पण सततच्या तापामुळे मेडिकल सोडावं लागलं आणि ते केंब्रिजला विज्ञान शिकायला गेले. लॉर्ड रॅले यांच्यासारखे शिक्षक तिथे मिळाले.

तीन वर्षं पगारच घेतला नाही

१८८५ मध्ये बोस भारतात परतले आणि कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये शिकवू लागले. तेव्हाचा नियम असा की, काम सारखंच असलं तरी भारतीय प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार. त्यात बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्यातही निम्मा. थोडक्यात गोऱ्या सहकाऱ्याला तीन रुपये मिळत असतील, तर यांच्या हातात एक.

बोस यांनी आरडाओरडा केला नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज वर्गावर गेले, मन लावून शिकवलं आणि पगार घ्यायला नकार दिला. असं तब्बल तीन वर्षं चाललं. घरावर वडिलांच्या बुडालेल्या उद्योगांचं कर्ज होतं. १८८७ मध्ये अबला यांच्याशी लग्न झालं, संसार सुरू झाला, तरीही माघार नाही. शेवटी कॉलेजला झुकावं लागलं. त्यांना पूर्ण पगार मंजूर झाला, तोही मागच्या थकबाकीसह. त्या पैशांतून वडिलांचं कर्ज फेडायला मदत झाली.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढे पेटंट नाकारणारा माणूस पैशाची किंमत न कळणारा भोळा प्रोफेसर होता, असं कुणी म्हणू नये म्हणून.

रेल्वेचं टाइमटेबल आणि तागाचा पीळ

१८८८ च्या सुमारास जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी खरंच असतात हे प्रयोगातून दाखवलं होतं. १८९४ मध्ये हर्ट्झ गेले. त्यानंतर ऑलिव्हर लॉज यांचं त्या कामावरचं लिखाण बोस यांच्या हाती आलं आणि ते झपाटले.

कॉलेजात धड प्रयोगशाळा नव्हती. बोस यांनी एका छोट्याशा खोलीत, स्थानिक कारागिराला हाताशी धरून आपली उपकरणं घडवली. हर्ट्झ यांच्या लहरी लांबच लांब होत्या, त्यामुळे प्रयोगाला मोठमोठी उपकरणं लागायची. बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीपर्यंतच्या लहरी तयार केल्या. त्यामुळे सगळं यंत्र टेबलावर मावू लागलं.

जुगाड तर असा की आजच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी टाळ्या वाजवाव्यात. लहरींचं ध्रुवीकरण तपासायला त्यांनी रेल्वेचं ब्रॅडशॉ टाइमटेबल घेतलं आणि त्याच्या पानांमध्ये पातळ धातूचा कागद घातला. पीळ दिलेल्या तागाचाही त्यांनी असाच वापर केला.

आता घंटा कशी वाजली? लहर आली हे ओळखण्यासाठी तेव्हा कोहिअरर नावाचा भाग वापरत. त्यात धातूचे सुटे कण असायचे. एरवी त्यांतून वीज नीट जात नाही, पण लहर आली की ते एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वीज वाहू लागते. म्हणजे लहरीने दाबलेलं बटणच. अडचण एकच, पुन्हा वापरायचं तर त्याला टिचकी मारून मोकळं करावं लागायचं. बोस यांनी यावर बरंच काम केलं आणि आपोआप पूर्ववत होणारा, लोखंड आणि पारा वापरलेला कोहिअरर तयार केला. त्यावरचा निबंध १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सादर झाला. रचना सगळ्या जगासाठी छापली गेली.

पेटंटचा कागद समोर आला, पण...

मे १९०१ मध्ये बोस लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान द्यायला गेले होते. व्याख्यानाच्या आधी वायरलेस टेलिग्राफच्या धंद्यातला एक बडा मालक पेटंटचा अर्ज घेऊनच त्यांच्याकडे आला. सगळं व्याख्यानात सांगून टाकू नका, त्यात पैसा आहे, पेटंट मी काढतो आणि नफ्यातला अर्धा वाटा माझा, असा त्याचा प्रस्ताव. बोस यांनी नाही म्हटलं. हा प्रसंग त्यांनी मित्र रवींद्रनाथ टागोर यांना पत्रातून कळवला. एकदा या मोहाच्या चक्रात पाऊल टाकलं की बाहेर पडता येणार नाही, अशी त्यांना भीती होती.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला वायरलेस संदेश पकडला. तेव्हा वापरलेला पाऱ्याचा डिटेक्टर मुळात कुणाचा, यावर पुढे बराच वाद झाला. तो बोस यांच्या १८९९ च्या निबंधातून आलेला आहे, असं अभ्यासक प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये मांडलं. १९०९ चं नोबेल मात्र मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळालं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मार्कोनी यांचं ध्येय वेगळं होतं. त्यांना लांबवर संदेश पाठवायचा होता, त्यासाठी त्यांनी लांब लहरी वापरल्या आणि कंपनी उभी केली. बोस यांना लहरींचे गुणधर्म समजून घ्यायचे होते. त्यामुळे मार्कोनींनी सगळं चोरलं, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड जसाच्या तसा खरा नाही.

तरीही त्यांच्या नावावर पेटंट आहे

गंमत म्हणजे अमेरिकेच्या पेटंट दफ्तरात बोस यांचं नाव सापडतं. क्रमांक ७५५८४०, अर्ज १९०१ चा, मंजुरी २९ मार्च १९०४ ची. गॅलेना नावाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहरी ओळखणारं हे उपकरण. आजच्या भाषेत सेमीकंडक्टर डिटेक्टर.

हे कसं झालं? भगिनी निवेदिता आणि अमेरिकेतल्या सारा बुल या दोघींना बोस यांचं काम दुसऱ्यांच्या नावावर जाईल ही काळजी वाटत होती. त्यांनी आग्रह धरला आणि धावपळही केली. बोस यांनी मात्र त्या पेटंटमधून पैसा कमावला नाही. ते तसंच संपून गेलं.

त्याच काळात मुंबईचे शंकर आबाजी भिसे उलट्या वाटेने चालले होते. छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्रासह अनेक शोधांची त्यांनी पेटंट घेतली. दादाभाई नौरोजी आणि सर रतन टाटा यांच्यासारख्यांचं पाठबळही मिळवलं. १९३५ मध्ये न्यूयॉर्कला ते गेले, आणि आज मुंबईतही फार थोड्यांना त्यांचं नाव ठाऊक आहे. म्हणजे नुसतं पेटंट घेतलं की नाव राहतं, असंही नाही.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, जगदीशचंद्रांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. इथले शोध सगळ्यांच्या मालकीचे राहतील आणि त्यांवर पेटंट घेतलं जाणार नाही, असं त्यांनी उद्घाटनातच जाहीर केलं. १९२० मध्ये त्यांचं पहिलं मोठं चरित्र आलं. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं.

याचा गंगापूर रोडच्या बल्बशी काय संबंध?

स्मार्ट बल्ब बहुतेकदा २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात. लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर. समुद्र ओलांडायचा नाही, भिंत ओलांडायची आहे. म्हणजे काम टाऊन हॉलमधलंच, एका खोलीतून दुसऱ्या खोलीतलं बटण दाबण्याचं.

आणि भांडणही तेच आहे, ही भाषा कुणाच्या मालकीची? प्रत्येक कंपनीचं वेगळं अ‍ॅप, वेगळा हब. कंपनीने सर्व्हर बंद केला तर पैसे मोजून घेतलेली वस्तू मुकी होते. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता. नेस्टने ती कंपनी २०१४ मध्ये घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवा बंद केली. घराघरांतले हब निकामी झाले.

यावर उपाय काढला तो ओपन सोर्सवाल्यांनी. पाउलस स्काउटसन या डच प्रोग्रॅमरने २०१३ मध्ये होम असिस्टंट सुरू केलं. सुरुवात साधी होती, सूर्य मावळला की घरातले दिवे आपोआप लागावेत. आज जगभरातले लोक त्यात भर घालतात. कुणी नवा बल्ब विकत आणतं, तो झिगबीवरून कोणते संदेश पाठवतो ते तपासतं, ते समजणारा छोटासा कोड लिहितं आणि सगळ्यांसाठी खुला करतं. झिगबी२एमक्यूटीटी हा प्रकल्प असाच वाढला. घरातल्या छोट्या कॉम्प्युटरला एक यूएसबी डोंगल जोडला की वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एकाच ठिकाणाहून चालतात. इंटरनेट गेलं तरी चालतात.

फरक फक्त एक आहे. बोस यांनी दार उघडं ठेवलं, पण दारावर पाटी लावली नाही. कुणी आत येऊन काही नेलं तर नाव सांगायची सक्ती नव्हती. ओपन सोर्सने पाटी लावली, तिचं नाव लायसन्स. त्यात मूळ लेखकाचं नाव ठेवावं लागतं. जीपीएलसारख्या लायसन्समध्ये तर अट असते की, सुधारलेलं सॉफ्टवेअर पुढे वाटलं तर त्याचा कोडही खुला ठेवायचा. म्हणजे फुकट वाटायचं, पण वाटलेलं कुणाला कुलपात ठेवू द्यायचं नाही.

बोस यांच्या वाट्याला श्रेय उशिरा आलं. ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी रेडिओलहरी ओळखायला अर्धवाहक स्फटिक पहिल्यांदा वापरल्याचं श्रेय बोस यांना दिलं. २०१२ मध्ये आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेने त्यांच्या प्रयोगांना ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. ते गेल्यानंतर ७५ वर्षांनी.

गंगापूर रोडवर केटीएचएम आहे, मविप्रचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. पलीकडे सातपूरच्या एमआयडीसीत विजेची उपकरणं बनतात. इथल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने बाजारातला स्वस्त बल्ब आणून त्याचा कोड लिहिला आणि जगासाठी खुला केला, तर त्या फाईलमध्ये स्वतःचं नाव आणि लायसन्स जरूर टाकावं. बोस यांच्या आयुष्याने शिकवलेला धडा तोच आहे.