कै. लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

आमच्या वार्षिक स्मरणिकेत एका दिवंगत थोर व्यक्तीचे अल्पचरित्र द्यावे, या प्रघातास अनुसरून यंदा आम्ही मुंबईच्या एका तरुण वैमानिकाची निवड केली आहे. ते आपल्या ज्ञातीचे होते काय, असा प्रश्न कोणी सभासद बंधू विचारतील. आम्हांस तो प्रश्न गौण वाटतो. आपल्या रांजणगावासभोवतीच्या मुलखातून फौजेत गेलेल्यांची परंपरा मोठी आहे. पुणे जिल्ह्यात कित्येक गावी पहिल्या महायुद्धाच्या स्मरणशिला आढळतात. गावातून किती माणसे लढाईवर गेली व किती कामास आली, एवढेच त्यांवर कोरलेले असते. आकडा राहतो, नाव राहत नाही. वेलिणकरांचे नावही असेच नाहीसे व्हावयाचे, ते थोडक्यात वाचले.

श्रीकृष्ण चंदा वेलिणकर हे मूळचे मुंबईचे. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तो काळ युद्धाचा होता. हिंदी मनुष्याने शिपाई म्हणून मरावे, परंतु राजाची सनद घेऊन अधिकारी म्हणून गोऱ्यांवर हुकूम चालवू नये, असा तेव्हा सरकारचा दंडक होता. हिंदी सैन्यात हे दार १९१७ च्या ऑगस्टमध्ये प्रथम किलकिले झाले. विमानदलात मात्र त्याच सुमारास मोजक्या हिंदी तरुणांनी प्रवेश मिळविला. इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल सेन आणि आपले वेलिणकर हे त्यांतील प्रमुख होत.

वेलिणकरांची नेमणूक २३ व्या स्क्वॉड्रनमध्ये झाली. या पथकाकडे सॉपविथ डॉल्फिन जातीची एकासनी लढाऊ विमाने होती. हे यंत्र मोठे विलक्षण. त्याचा वरचा पंख इतका खाली बसविलेला असे की वैमानिकाचे डोके त्या पंखाच्या वर उघड्यावर राही. त्यामुळे वर व भोवती उत्तम दिसे. पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात मानेवर व्हावयाचा, ही धास्ती सर्वांस असे. शिवाय ब्रिटिश वैमानिकांस त्या काळी हवाई छत्री दिली जात नसे. विमान पेटले, तर जळणे अथवा उडी टाकणे एवढेच हाती उरे. हे सर्व ठाऊक असूनही रोज त्या आसनावर जाऊन बसणे यास काय म्हणावे, ते वाचकांनीच ठरवावे.

१९१८ च्या वसंतात जर्मनांनी निकराची चढाई केली व आम्यें हे रेल्वेचे मोठे ठाणे धोक्यात आले. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर गेलेले वेलिणकर परतले नाहीत. ते जखमी होऊन शत्रूच्या हाती पडले होते. तीन दिवसांनी, ३० जून रोजी, त्यांचा अंत झाला. रॉय यांनाही पुढच्याच महिन्यात, २२ जुलै रोजी, वीरमरण आले. सेन त्यापूर्वीच युद्धकैदी झाले होते.

जर्मनांनी वेलिणकरांस मूठमाती दिली, अधिकाऱ्याचा मानही दिला. परंतु नाव त्यांस नीट लागले नाही. थडग्यावर ‘वुमकर’ असे काहीतरी लिहिले गेले, व हुद्दाही जर्मन पद्धतीचा. साहजिकच युद्ध संपल्यावर वेलिणकर नावाचे थडगे कोणत्याही यादीत सापडेना. येथे चौकशीचे काम नेटाने झाले म्हणूनच शोध लागला. नोंदी ताडून पाहण्यात आल्या, थडगे उघडण्यात आले, आणि १९२१ साली वुमकर म्हणजेच वेलिणकर, हे निश्चित झाले. ज्यांनी कागदपत्रांचा कंटाळा केला नाही, त्या अज्ञात कारकुनांचेही आम्हांस येथे स्मरण होते.

चौघांपैकी मलिक पुष्कळ जगले. स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, ते भारताचे राजदूत म्हणून फ्रान्सलाच गेले. वेलिणकरांची समाधी त्याच देशात, आम्येंच्या परिसरातील हांगार या खेड्याच्या स्मशानभूमीत आहे. आमच्या सभासदांची मुले हल्ली युरोपात शिक्षणासाठी व नोकरीसाठी जातात. त्यांनी पॅरिसहून वाट थोडी वाकडी करून तेथे जाऊन यावे, व जमल्यास त्या शिलेचे छायाचित्र पुढील स्मरणिकेसाठी आमच्याकडे पाठवावे.