पुंगळीच्या बळाची पारख करणारा शस्त्रकार : पॉल माउझर

जर्मनीतील नेकर नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावी 27 जून 1838 रोजी पीटर पॉल माउझर यांचा जन्म झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील वुर्टेम्बर्गच्या राजाने 1811 मध्ये जुन्या मठाच्या वास्तूत सुरू केलेल्या शस्त्रकारखान्यात कारागीर होते. पॉलही लहान वयातच तेथे कामाला लागले. 1859 मध्ये त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तोफखान्यात जावे लागले. मागून भरल्या जाणाऱ्या तोफांनी त्यांचे कुतूहल जागे केले आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

थोरले बंधू विल्हेल्म यांच्यासह त्यांनी घडवलेली 11 मिलिमीटरची रायफल 1871 मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारली. 1874 मध्ये दोघा भावांनी तो कारखानाच विकत घेतला. 1882 मध्ये विल्हेल्म यांचे निधन झाले आणि संशोधनाची सारी धुरा पॉल यांच्यावर आली.

याच सुमारास धूरविरहित दारू आली आणि काडतुसातील दाब झपाट्याने वाढला. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेली पितळी पुंगळी हा दाब किती सोसेल, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरला. बार उडताच पुंगळीच्या पातळ भिंती फुगून चेंबरला चिकटतात आणि वायू अडवतात. तळाचा थोडा भाग मात्र आधाराविना उरतो. म्हणून पुंगळीचे खरे बळ तळाच्या जाडीत असते. तळ फुगणे, प्रायमरची खोबण सैल होणे, तळाजवळ चकाकते कडे उमटणे किंवा मानेला तडा जाणे, ही पुंगळी थकल्याची लक्षणे होत. जुन्या युरोपीय शिकारी काडतुसांत आणखी एक धोका असतो. त्यांच्या प्रायमरमधील पारा बार उडाल्यावर पितळ ठिसूळ करतो. अशी पुंगळी वरून धड दिसली तरी पुन्हा भरण्यास योग्य नसते.

माउझर यांनी 1890 च्या दशकारंभी सिद्ध केलेल्या 7 बाय 57 काडतुसाला बाहेर आलेली कड नव्हती; जाड तळावर खाच होती. हे काडतूस व 1893 ची रायफल स्पेनने स्वीकारली. तरीही पुंगळी कधीतरी फाटणारच, हे त्यांनी गृहीत धरले. 1898 च्या रायफलमध्ये त्यांनी बोल्टला तिसरा अडसर दिला आणि फुटलेला वायू नेमबाजाच्या चेहऱ्यापासून दूर वळवणारी छिद्रे ठेवली. म्हणूनच आजही 7 बाय 57 काडतूस भरताना जुन्या 1893 च्या रायफलीसाठी दाब कमी ठेवतात. पुंगळी तीच असली, तरी तिला पेलणारी यंत्रणा वेगळी असते.

ज्या धोक्यापासून त्यांनी इतरांना जपले, तोच त्यांच्यावर उलटला. 1901 मध्ये स्वयंभरण रायफलच्या चाचणीत अपघात होऊन त्यांनी एक डोळा गमावला. तरीही त्यांनी काम सोडले नाही. 29 मे 1914 रोजी, पहिले महायुद्ध पेटण्याच्या काही आठवडे आधी, त्यांचे निधन झाले. त्या युद्धात त्यांची रायफल लाखो सैनिकांच्या हाती होती.

भारताशीही या काडतुसाचे नाते आहे. लंडनच्या रिग्बी कंपनीने ते .275 या नावाने प्रचारात आणले. नैनितालमध्ये जन्मलेल्या जिम कॉर्बेट यांनी 1926 मध्ये रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला याच काडतुसाने टिपले. त्या बिबट्याने सव्वाशे बळी घेतले होते.