गुलाम ते वजीर : मलिक अंबर



गुलामांच्या लढ्याचा विषय निघाला की स्पार्टाकसचे नाव येते. इ.स.पूर्व 73 मध्ये तो सुमारे 70 साथीदारांसह इटलीतील कापुआच्या आखाड्यातून निसटला. हजारो गुलाम त्याला मिळाले. दोन वर्षांनी रोमच्या फौजेने त्यांचा पराभव केला, स्पार्टाकस रणात पडला आणि 6,000 कैद्यांना रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढविण्यात आले. साखळी तोडून मोठा झालेला असाच एक गुलाम आपल्या दख्खनमध्येही होऊन गेला. त्याची वाट मात्र वेगळी होती. या अंकात आम्ही त्याची ओळख करून देत आहोत.

मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात बगदादला पोहोचला. तेथील एका मालकाने त्याची हुशारी ओळखून त्याला शिक्षण दिले, हिशेब व कारभार शिकविला आणि अंबर हे नाव ठेवले. पुढे त्याला दख्खनमध्ये आणून विकले. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीजखान स्वतःही एके काळी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला.

हाती ना घर, ना गणगोत. त्याने काही काळ विजापूरकरांची चाकरी केली, स्वतःचे घोडदळ उभे केले आणि तो निजामशाहीत परतला. 1600 मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातील मुर्तझाला परांड्यास गादीवर बसविले आणि पुढे स्वतः वजीर होऊन राज्य सांभाळले.

मोगलांची फौज अफाट होती. समोरासमोर लढण्याऐवजी अंबरने मराठा घोडेस्वारांच्या मदतीने गनिमी काव्याने झुंज दिली. शहाजीराजे भोसले त्याच्याच काळात नावारूपास आले. 1609 मध्ये त्याच्या स्वारांनी आपला सुरत व बडोदे प्रांतही लुटला होता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1616 मध्ये तो हरला आणि त्याने वसविलेले खडकी शहर मोगलांनी जाळले. त्याने ते पुन्हा उभे केले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले आणि मोगल व विजापूरकर या दोघांच्या एकत्रित फौजेला हरविले.

तलवारीपेक्षा त्याचा कारभार अधिक लक्षात ठेवावा. सारावसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने बंद केली. जमिनीचा कस व पीक पाहून सारा ठरविला. खडकी म्हणजे नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. या शहराला डोंगराकडील पाणी जमिनीखालून आणणारी नहर त्याने बांधली. तिचे अवशेष आजही दिसतात. 1626 मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याच्यानंतर 10 वर्षांतच निजामशाही संपली.

अंबरने गुलामगिरी मोडली नाही; त्याच्या सैन्यातही विकत घेतलेले हबशी होते. त्या बाबतीत स्पार्टाकसची वाट अधिक सरळ होती. परंतु बाजारात ज्या मुलाची किंमत ठरली, त्याची खरी किंमत त्या बाजाराला कळलीच नव्हती, हे अंबरच्या चरित्रातून दिसते. त्या मुलाला कोणीतरी शिकविले, म्हणून पुढचे सारे घडले.

पालकहो, येथेच आमची एक विनंती आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीतील काही बाके रिकामी दिसतात. चौकशी केली की समजते, मुलगा साड्यांच्या कामावर लागला, मुलगी घरी टिकल्या लावत बसते. घरची ओढाताण आम्हास माहीत आहे. आपण कोणी हौसेने मुलांना कामाला लावत नाही. तरीही महिन्याच्या पगारावरून मुलाची किंमत ठरवू नका. अडचण असेल तर नाव काढण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन भेटा. फी, पुस्तके, वेळ, काहीतरी मार्ग आपण मिळून काढू. विश्वस्त मंडळींनीही या मुलांकडे लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचे बाक रिकामे राहू देऊ नका. सर्वांना शुभाशीर्वाद.

— मुख्याध्यापक