कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (माहेरच्या कमल समर्थ, जन्म : ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, मृत्यू : २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. भारतातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली. तेथे लागणारी संवर्धन माध्यमे व विक्रियाकारके देशातच तयार करण्याचे कार्यही त्यांनी केले.

जीवन व शिक्षण

त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. शालेय शिक्षण हुजूरपागेत व पदवीचे शिक्षण फर्ग्युसनमध्ये झाले. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे, ही वडिलांची इच्छा होती. तथापि कमलताईंनी वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतकसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. सुप्रसिद्ध ‘हेला’ पेशी प्रथम याच प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या.

संवर्धन माध्यमे व द्रावणे

शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींचे जीवन सभोवतालच्या द्रावणावर अवलंबून असते. क्षारांचे प्रमाण कमी पडल्यास पेशी पाणी शोषून फुगतात व फुटतात; ते अधिक झाल्यास आक्रसतात. द्रावणाचा सामू बहुतेक पेशींसाठी ७.२ ते ७.४ च्या आसपास राखावा लागतो. उष्णतेने नष्ट होणारे घटक असल्यास द्रावण उकळून चालत नाही. ते सूक्ष्म गाळणीतून गाळून निर्जंतुक करतात. एखाद्या रसायनाचा परिणाम तपासताना त्याचे तीव्र द्रावण करून ते टप्प्याटप्प्याने विरल केले जाते. १ मिलिलिटर द्रावणात ९ मिलिलिटर माध्यम मिसळल्यास तीव्रता दहापट घटते. हीच कृती तीनदा केल्यास हजारपट. काही पेशींना रसायनाविना केवळ विद्रावक दिला जातो, अन्यथा परिणाम रसायनाचा की विद्रावकाचा, हे कळत नाही. पहिल्या टप्प्यातील मोजमापाची चूक पुढील प्रत्येक टप्प्यात उतरते व संपूर्ण निष्कर्षच फसवा ठरतो. अशा प्रयोगांना विश्वसनीय माध्यमांचा अखंड पुरवठा लागतो. तो देशातच व्हावा, या दृष्टीने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी रणदिवे यांनी जीवशास्त्र व रसायनशास्त्र या दोन्ही शाखांतील सहकाऱ्यांसह माध्यमे व विक्रियाकारके विकसित केली.

अन्य संशोधन व कार्य

कर्करोगाची प्रवणता, संप्रेरके व अर्बुदजनक विषाणू यांच्यातील संबंधांचा त्यांनी अभ्यास केला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरील त्यांचे संशोधन लसनिर्मितीच्या प्रयत्नांना उपयुक्त ठरले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. विज्ञानक्षेत्रातील स्त्रियांसाठी त्यांनी १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाविषयी काम केले.

सन्मान

१९६४ मध्ये त्यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार व १९८२ मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला.