उत्तर देण्याचा गुन्हा

१९३४ साली मुंबईत एका मराठी मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांनी केले होते एवढेच की, वाचकांनी पत्रातून विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली होती आणि ती छापली होती. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते, समलिंगी आकर्षणाबद्दल होते. संपादकांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे, मासिकाचे नाव ‘समाजस्वास्थ्य’ आणि त्यांच्या बाजूने उच्च न्यायालयात उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

खटला कर्वे हरले. त्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल मनात आलेला प्रश्न विचारणाऱ्याची टर उडवायची, त्याला शिक्षा करायची की त्याला नीट उत्तर द्यायचे, हा त्या खटल्यातला मुद्दा अजून निकाली निघालेला नाही. आज तो ट्रान्सजेंडर आणि नॉन-बायनरी व्यक्तींच्या वाट्याला सर्वात जास्त येतो. म्हणून कर्व्यांचे आयुष्य आरोग्याच्या सदरात पुन्हा सांगण्यासारखे आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. दोन वर्षांनी वडिलांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले आणि मुरूडकरांनी कुटुंबाला वाळीत टाकले. बाळंतपण बाईचा जीव घेऊ शकते आणि समाज चारचौघांपेक्षा वेगळे वागणाऱ्याला एकटे पाडू शकतो, या दोन्ही गोष्टी या मुलाने दहा-बारा वर्षांच्या वयात घरातच पाहिल्या.

रघुनाथराव अभ्यासात हुशार होते. १८९९ मध्ये मॅट्रिकला ते पहिले आले. पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये गणिताच्याच शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. संततिनियमनाचा विषय युरोपात तेव्हा उघडपणे बोलला जाऊ लागला होता. परत आल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे पहिले केंद्र त्याच वर्षी उघडले, हे लक्षात घेतले म्हणजे हा माणूस काळाच्या किती पुढे होता ते कळते. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्यासोबत होत्या. मूल होऊ द्यायचे नाही हा दोघांचा निर्णय होता आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली होती. जे इतरांना सांगायचे ते आधी स्वतः करायचे, असा हा गणिती बाणा.

तेव्हा ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. संततिनियमनाचा जाहीर प्रचार कॉलेज चालवणाऱ्या मिशनऱ्यांना मान्य नव्हता. प्रचार किंवा नोकरी, यांपैकी एकच निवडायची वेळ आली. १९२५ मध्ये नोकरी सुटली. त्यानंतरची उरलेली अठ्ठावीस वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली.

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. संततिनियमन, गुप्तरोग, वेश्याव्यवसाय, आहार, कपडे, स्त्रियांचे लैंगिक सुख अशा विषयांवर हे मासिक सरळ मराठीत लिहीत असे. त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग होता वाचकांच्या पत्रांचा. घरात, शाळेत, डॉक्टरांकडेही जे विचारता येत नव्हते ते लोक कर्व्यांना लिहून विचारत. ते विचारणाऱ्याला पापी म्हणत नसत, ब्रह्मचर्याचा उपदेश करत नसत. शास्त्राला जे ठाऊक आहे ते सांगत.

याचे मोल कळण्यासाठी थोडे वैद्यकशास्त्र पाहावे लागेल. वीर्य गेले की शक्ती गेली, असे आपल्याकडच्या मुलांच्या मनावर पिढ्यानपिढ्या बिंबवले गेले. त्यातून थकवा, छातीत धडधड, झोप न लागणे, उदासी अशा तक्रारी घेऊन तरुण डॉक्टरांकडे येतात. तपासणीत आजार सापडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. त्रास खरा असतो, पण तो वीर्यनाशाने होत नाही, भीतीने आणि अपराधी भावनेने होतो. म्हणजे शब्द माणसाला आजारी पाडू शकतो आणि योग्य वेळी मिळालेली खरी माहिती त्याला बरे करू शकते. धात सिंड्रोम हे नाव येण्याच्या तीस वर्षे आधी कर्वे पोस्टाने हे औषध वाटत होते.

पुण्यातल्या सनातनी मंडळींना ते सहन होणारे नव्हते. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखावरून पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ चा खटला दुसरा. आंबेडकर तेव्हा गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांतून नुकतेच बाहेर आले होते. तरीही त्यांनी हा लोकांना न रुचणारा खटला घेतला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही; हे मासिक लैंगिक शिक्षणासाठीच आहे; लोक प्रश्न विचारत असतील तर उत्तर मिळाले पाहिजे; प्रश्नात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच जाईल. समलिंगी आकर्षणाबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचा आधार घेतला आणि ही प्रवृत्ती काही माणसांत निसर्गतःच असते, असे मांडले. न्यायालयाला ते पटले नाही.

जगात इतरत्रही हेच घडत होते. बर्लिनमध्ये डॉ. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली होती. समलिंगी माणसांबरोबरच, जन्मावेळी नोंदवलेले लिंग आपले नाही असे वाटणारी माणसे तिथे उपचारासाठी आणि आधारासाठी येत. १९३१ च्या जगप्रवासात हिर्शफेल्ड भारतातही येऊन गेले. मे १९३३ मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि तिथली पुस्तके चौकात जाळली. वर्षभराच्या आत मुंबईत कर्वे आरोपी म्हणून उभे होते. दोन्ही घटनांची तीव्रता अर्थातच सारखी नाही. पण दोन्हीकडे राग एकाच गोष्टीचा होता : ज्यांना नाव घेऊन बोलता येत नव्हते, अशा माणसांना कोणीतरी शब्द देत होते.

एक फरक इथे स्पष्ट करायला हवा. आपल्याला कोणाबद्दल आकर्षण वाटते, हा लैंगिक कलाचा प्रश्न. आपण स्वतः पुरुष, स्त्री, दोन्ही की दोन्हींपैकी काहीच नाही, हा लिंगओळखीचा प्रश्न. नॉन-बायनरी म्हणजे स्त्री किंवा पुरुष या दोन खणांपैकी एकात स्वतःला न बसवणारी व्यक्ती. कर्व्यांच्या काळच्या मराठीत हे शब्द रुळलेले नव्हते आणि आजच्या लिंगओळखीच्या चर्चेचे जनकत्व त्यांच्यावर लादणे बरोबर नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती पद्धत : आधी ऐकायचे, मग लाज वाटणार नाही अशा शब्दांत उत्तर द्यायचे.

ही पद्धत आज कुठे लागते? अगदी आपल्या शेजारी. बेलापूरला लागून असलेले दिवाळे हे कोळ्यांचे जुने गाव. एका अंगाला खाडी आणि जेट्टी, दुसऱ्या अंगाला सीबीडीतली कार्यालये. अशा गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. अडीअडचणीला हेच बळ असते, पण मुलाच्या चालण्या-बोलण्यावरून जेट्टीवर कोणी हाणलेला टोमणा त्याच्या आधी त्याच्या घरी पोचतो. ‘छक्का’, ‘बायल्या’ हे शब्द गंमत म्हणून वापरले जातात. ज्याच्यावर ते पडतात त्याला मात्र रस्ता बदलावा लागतो, शाळा चुकवावी लागते, आवाज आणि हातवारे सतत सांभाळावे लागतात.

अशा सततच्या सावधपणाची किंमत शरीर मोजते. इलान मायर या संशोधकाने २००३ मध्ये त्याची मांडणी ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ म्हणून केली. नेहमीच्या जगण्यातल्या ताणावर टोमणे, नकार आणि पुढच्या टोमण्याची धास्ती यांचा जादा थर चढतो. त्यातून झोप बिघडते, चिंता आणि नैराश्य वाढते, आत्महत्येचे विचार येतात. ट्रान्सजेंडर असणे हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीचा मुद्दा मानसिक विकारांच्या यादीतून बाहेर काढला. आजारी पाडते ती वागणूक. दवाखान्यात हसू होईल या भीतीने माणूस साधा ताप किंवा मधुमेहही अंगावर काढतो, हे आणखी एक नुकसान.

मराठीची यात एक खास अडचण आहे. इंग्रजीत मी आलो आणि मी आले यांत फरक करावा लागत नाही. मराठीत साध्या बोलण्यातही क्रियापद लिंग सांगून टाकते, त्यामुळे आपली ओळख जुळत नसलेल्या माणसाला दिवसातून शंभरदा खोटे बोलावे लागते किंवा गप्प बसावे लागते. पण वाटही मराठीतच आहे. तू आलास की आलीस हे विचारताना लिंग ठरवावे लागते. तुम्ही आलात म्हणताना लागत नाही. अनोळखी व्यक्तीला अहो-जाहो करणे ही आपली जुनी रीत, ती इथे उपयोगी पडते. आणि ओळख झाल्यावर तुम्हाला कसे हाक मारू, असे साधेपणाने विचारता येते. दवाखान्यातल्या नोंदणीच्या खिडकीवर एवढे झाले तरी रुग्ण पुन्हा यायला धजेल.

कायदा कर्व्यांच्या काळापेक्षा पुढे आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. लिंगओळख किंवा कल बदलून देतो असे सांगून केले जाणारे ‘उपचार’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मूल असे काही सांगू लागले तर घरच्यांनी बाबा-बुवा किंवा असले उपचार शोधू नयेत. रागावू नये, घाईने निष्कर्षही काढू नये. ऐकून घ्यावे, शाळेतल्या छळाची दखल घ्यावी आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

खटल्यांनंतरही रघुनाथराव थांबले नाहीत. ‘समाजस्वास्थ्य’ सव्वीस वर्षे निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि नोव्हेंबरचा अंक अखेरचा ठरला. नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना मुलाचा मृत्यू पाहावा लागला. महर्षींना पुढे भारतरत्न मिळाले, रघुनाथरावांना हयातीत मिळाले ते दंड आणि उपेक्षा. पण ज्या वाचकांनी रात्री दिव्याखाली बसून त्यांना पत्रे लिहिली, त्यांना निदान एका माणसाकडून उत्तर मिळाले होते. आज तशी पत्रे पोस्टाने येत नाहीत. ती घरातल्या मुलाच्या अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यातून येतात आणि त्यांचे उत्तर देणे आता आपल्याकडे आहे.