दोनदा परतलेला शाहीर

व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसाला पहिला दिवस अवघड जातोच. पण त्याहून अवघड असतो तो पुन्हा पाय घसरल्यानंतरचा दिवस. घरच्यांनी आशा सोडलेली असते आणि त्याचा स्वतःवरचा विश्वासही उडालेला असतो. हा दिवस ज्यांच्या वाट्याला आला, असे एक थोर नाव सोलापूरच्याच मातीतले आहे: शाहीर रामजोशी.

रामजोशी हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. जोशीपणाची वृत्ती असलेले ब्राह्मण घराणे, थोरले बंधू मुद्गल हे पुराणिक. धाकट्याचे मन मात्र पोथीत रमेना. धोंडी शाहिराच्या फडाची ओढ लागली आणि विद्याभ्यास मागे पडला. जुने चरित्रकार याला सरळ तमाशाचे व्यसन म्हणतात. आज लावणीला कलेची प्रतिष्ठा आहे, त्यामुळे तो शब्द आपल्याला खटकतो, आणि खटकावाही. परंतु फडाभोवतीच्या रंगेल जीवनाने त्यांना ग्रासले होते आणि हाती पैसा टिकत नव्हता, असेच परंपरा सांगते. अखेर थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढले.

रामजोशी पंढरपूरला गेले. तिथे बाबा पाध्ये यांच्याकडे राहून त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. घराबाहेर काढलेल्या तरुणाने पुन्हा शिष्य होऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हे. अपमानाने पेटलेली जिद्द पहिले काही दिवस पुरते. पुढे रोजचे काम लागते. ते त्यांना अध्ययनाने दिले असावे. विद्वान होऊन ते सोलापुरास परतले आणि ज्या गावाने त्यांना वाया गेलेला ठरवले होते, त्याच गावात कीर्तनाला उभे राहिले.

गोष्ट इथे संपली असती, तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. तसे झाले नाही. रामजोशी पुन्हा तमाशाकडे वळले. मात्र पंढरपूरची विद्या वाया गेली नव्हती. त्यांच्या लावणीत संस्कृत पदरचना आली, यमक-अनुप्रासांची आतषबाजी आली, सीमेवरच्या सोलापूरची कानडीही आली. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत आज अशा घसरणीकडे आजाराच्या वाटचालीतला एक टप्पा म्हणून पाहतात. आधी जे कमावले ते पुसले गेले, असे मानत नाहीत. पेशवाईतल्या समाजाकडे अशी दृष्टी नव्हती.

एका माणसाकडे मात्र ती होती. बारामतीचे पंडितकवी मोरोपंत यांनी रामजोशींची लावणी ऐकली आणि तिला नाक मुरडले नाही. त्यांनी या शाहिरातला कवी ओळखला आणि ही वाणी कीर्तनाला लावण्याचा आग्रह धरला. भावाने जे दोष म्हणून पाहिले, त्यातच मोरोपंतांना गुण दिसला, हा फरक मोठा आहे. रामजोशी पुन्हा कीर्तनाला उभे राहिले, आणि आता त्यांच्या मुखी मोरोपंतांच्या आर्या होत्या. सामान्य श्रोत्याला अवघड वाटणारे ते काव्य लोकांपर्यंत पोहोचवण्यात या तमासगिराचा वाटा मोठा आहे. १७९४ साली मोरोपंत निवर्तले.

पुढेही रामजोशींचे आयुष्य कीर्तन आणि फड या दोन काठांमध्ये हेलकावत राहिले. मिळालेली बिदागी उधळली जाई. १८१२च्या सुमारास पुण्यात त्यांचे निधन झाले. १९४७ साली राजकमलने त्यांच्यावर काढलेला ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट गाजला आणि जयराम शिलेदारांच्या रूपाने ते घरोघरी पोहोचले.

त्याआधी, १९०८ साली, शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी त्यांच्या लावण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. रामजोशींनी शृंगाराच्या लावण्या जशा लिहिल्या, तशाच ढोंगावर कोरडे ओढणाऱ्या, माणसाला सावध करणाऱ्या उपदेशपर लावण्याही लिहिल्या. हात एकच, डफही तोच.