पडद्याआडचे मुत्सद्दी

१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की इंदिरा गांधी आणि सॅम माणेकशा ही दोन नावे हमखास ओठांवर येतात. दुर्गाप्रसाद धर यांचे नाव मात्र सहसा कुणाला आठवत नाही.

१९१८ मध्ये जन्मलेले धर हे परराष्ट्र सेवेतले अधिकारी नव्हते. शेख अब्दुल्ला यांच्या नॅशनल कॉन्फरन्समध्ये घडलेला हा काश्मिरी पंडित. १९४७ ची टोळीवाल्यांची स्वारी आणि १९६५ ची पाकिस्तानी घुसखोरी त्यांनी श्रीनगरात राहून अनुभवली होती. पाकिस्तानशी गाठ म्हणजे काय, हे त्यांना फायलींतून शिकावे लागले नाही.

१९६९ मध्ये ते राजदूत म्हणून मॉस्कोला गेले. आदल्याच वर्षी रशियाने पाकिस्तानला शस्त्रे देऊ केली होती, त्यामुळे दिल्लीत नाराजी होती. मैत्री कराराची कल्पना रशियानेच पुढे केली. पण अलिप्ततेला बाध येईल या शंकेने ती रेंगाळली. २५ मार्च १९७१ रोजी पूर्व बंगालमध्ये लष्करी दडपशाही सुरू झाली आणि सारेच बदलले. निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडू लागले; ही संख्या पुढे सुमारे एक कोटीवर गेली. तातडीने सैन्य घुसवा, असा देशात आग्रह वाढला. मॉस्कोतून धर यांचा सल्ला नेमका उलट होता: घाई नको, मुक्तिवाहिनीला बळ द्या, पाकिस्तानी सैन्याला बंगालच्या दलदलीत रुतू द्या. लाखो माणसे छावण्यांत हाल सोसत असताना असा सल्ला देणे सोपे नव्हते.

जुलैमध्ये किसिंजर गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले आणि चीनची धास्ती वाढली. ९ ऑगस्ट रोजी दिल्लीत स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी वीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या. एका पक्षावर हल्ल्याचे सावट आल्यास दोघांनी तत्काळ विचारविनिमय करावा, हे त्याचे नववे कलम. त्यात लष्करी मदतीची हमी नव्हती. तरीही डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत रशियाने तीनदा नकाराधिकार वापरला आणि भारतीय फौजांना ढाक्यापर्यंत पोहोचण्याइतका अवधी मिळाला. त्या दिवसांत रशियनही उतावीळ झाले होते. त्यांना धीर देण्यासाठी धर यांनाच पुन्हा मॉस्कोला धाडण्यात आले. तोवर ते परराष्ट्र मंत्रालयाच्या धोरण नियोजन समितीचे अध्यक्ष झाले होते आणि बांगलादेशाची सूत्रेही त्यांच्याकडेच होती.

युद्ध जिंकल्यावर एप्रिल १९७२ मध्ये मरी येथे त्यांनी अझीझ अहमद यांच्याशी शिमला परिषदेची पूर्वतयारी केली. शिमल्यात ऐन वाटाघाटींत प्रकृती ढासळल्याने पुढची धुरा पी. एन. हक्सर यांनी वाहिली. काश्मीरचा प्रश्न तेथे कायमचा का मिटला नाही, हा वाद आजही चालतो. त्याचे खापर एकट्या धर यांच्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल.

पुढे ते नियोजनमंत्री झाले आणि नंतर पुन्हा मॉस्कोत राजदूत. १२ जून १९७५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची निवडणूक रद्द ठरवली आणि त्या गदारोळात धर यांच्या मृत्यूची बातमी झाकोळून गेली.